मारुती ८००: मडफ्लॅप, मागची डावी कमान आणि पत्र्याचे काम – प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२३ ते जुलै २०२४

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार, रत्नागिरी

दिवाळीचे पाहुणे परतल्यावर आज गाडी शेडबाहेर काढली. १९९८ सालची पांढरी मारुती ८००, वडिलांनी नवी घेतलेली. नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण याच वर्षी झाले आहे, म्हणजे २०२८ पर्यंत ती रस्त्यावर राहणार. काम मात्र किरकोळच ठरवले होते: चारही मडफ्लॅप उतरवायचे, धुवायचे, काळे रंगवायचे आणि मागच्या दोघांवर वडिलांनी २००१ मध्ये एनॅमलने हाताने ओढलेला पांढरा पट्टा पुन्हा काढायचा. एका रविवारचे काम, असा माझा अंदाज होता.

पुढचे दोन फ्लॅप सहज सुटले. मागच्या उजव्याला थोडे तेल सोडावे लागले. मागच्या डाव्या फ्लॅपचा वरचा स्क्रू मात्र जागच्या जागी फिरत राहिला, बाहेर येईना. म्हणजे ज्या पत्र्याने त्याला धरून ठेवायचे तो पत्राच उरलेला नव्हता. फ्लॅप हाताने ओढला तेव्हा स्क्रूसकट दोन रुपयांच्या नाण्याएवढा गंजाचा पापुद्रा निघून आला आणि त्याच्यामागून तांबड्या मातीचा एक गोळा जमिनीवर पडला. पाऊस थांबून महिना उलटला आहे, तरी तो गोळा फोडला तर आतून ओला होता.

आमच्याकडची जांभ्याची माती ज्यांनी धुतली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ती चिकटते, वाळली की कवडीसारखी घट्ट होते आणि आतली ओल सोडत नाही. फ्लॅप चाकावरच्या कमानीच्या कडेला अगदी चिकटवून बसवलेला असला की दोहोंमध्ये एक खिसा तयार होतो. चाक त्यात चार महिने चिखल भरत राहते आणि उरलेले आठ महिने तो खिसा पत्र्याला ओल पाजत राहतो. त्यात कमानीची कड म्हणजे बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा दुमडून स्पॉट वेल्डिंगने जोडलेली जागा. त्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी आपोआप शोषले जाते. फ्लॅप बसवण्यासाठी तिथेच ड्रिलने भोक पाडले की भोकाच्या कडेचा रंग जातो आणि गंजाला आत शिरायला दार मिळते. पत्रा वाचवायला लावलेल्या फ्लॅपनेच पत्रा खाल्ला होता, आणि तो बावीस वर्षे माझ्या डोळ्यांसमोर लटकत होता.

२० नोव्हेंबर, सोमवार

कामावरून आल्यावर चारही फ्लॅप साबणाने धुऊन पाण्याच्या बादलीत टाकले. पुढचे दोन बुडाले, मागचे दोन तरंगले. बुडाले ते रबराचे. तरंगले ते पॉलिप्रॉपिलीनचे, कारण या प्लास्टिकची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी, ०.९ च्या आसपास असते. शिवाय मागच्या बाजूला साच्यातच उठवलेली ‘पीपी’ ही अक्षरेही घासल्यावर दिसली. ही माहिती रंगाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण दोन्ही पदार्थ रंगाला नकार देतात, परंतु वेगवेगळ्या कारणांनी. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग तेलकट नसतानाही तेलकटासारखा वागतो आणि त्यावर पाण्याचे थेंब पसरण्याऐवजी गोळा होऊन बसतात. रबरात मेण आणि तेल मुळातच मिसळलेले असते आणि ते वर्षानुवर्षे आतून वर येत राहते, त्यामुळे वरून कितीही पुसले तरी पुढच्या आठवड्यात पृष्ठभाग पुन्हा तसाच होतो.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

मागच्या डाव्या कमानीच्या आतली सगळी माती लाकडी पट्टीने खरवडून काढली आणि कुतूहल म्हणून वजन केले. एक किलो चारशे ग्रॅम. (वजनकाटा स्वयंपाकघरातला होता, आणि त्याबद्दल जे ऐकून घ्यावे लागले ते या नोंदीत लिहीत नाही.)

त्यानंतर फ्रिजवरचे चुंबक पातळ कापडात गुंडाळून गाडीभर फिरवले. पत्रा असेल तिथे चुंबक ओढले जाते, पुट्टीचा जाड थर असेल तिथे घसरून पडते. उजवी बाजू चांगली आहे. डाव्या बाजूला मागच्या कमानीवर हातभर लांबीच्या पट्ट्यात चुंबक अजिबात धरत नाही. डाव्या रनिंग बोर्डच्या (दाराखालच्या पट्टीच्या) मागच्या टोकाला आणि पुढच्या डाव्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) खालच्या कोपऱ्यातही तीच स्थिती. आठ वर्षांपूर्वी एका गॅरेजकडून ‘फुल बॉडी’ रंगकाम करून घेतले होते. चार दिवसांत गाडी परत मिळाली होती, आरशासारखी चमकत होती, आणि मी खूश होऊन वर चहापाण्याला पैसे दिले होते. त्या चकाकीच्या खाली काय होते ते चुंबकाने आज दाखवले.

२६ नोव्हेंबर, रविवार

तीन ठिकाणी विचारणा झाली. पहिल्याने गाडीभोवती एक फेरी मारली, कमानीकडे वाकूनही पाहिले नाही आणि अठरा हजारांत पूर्ण गाडी चार दिवसांत देतो म्हणाला. दुसऱ्याला जुन्या गाडीत रस नव्हता. तिसरे नाव कोल्हापूरच्या मेव्हण्याने सुचवले: उद्यमनगरात गेली तीसेक वर्षे पत्र्याचे काम करणारे एक डेंटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांना फोनवर गाडीचे वर्णन सांगितले तेव्हा त्यांनी किंमत सांगितलीच नाही. “उघडल्याबिगर कसं सांगू साहेब? आधी घेऊन तर या की,” एवढेच म्हणाले. मला हे उत्तर बरे वाटले. गंजलेल्या गाडीची पक्की किंमत न उघडता सांगणारा माणूस एकतर फार चढी रक्कम सांगतो किंवा न उघडताच काम संपवणार असतो.

२ डिसेंबर, शनिवार, कोल्हापूर

पहाटे निघून आंबा घाटातून गाडी कोल्हापूरला आणली. मामांनी ती जॅकवर घेतली, हातात साधा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि रनिंग बोर्डखाली टकटक करत पुढून मागे गेले. पत्रा निरोगी असेल तिथे आवाज खणखणीत येत होता. मागच्या टोकाला तो बद्द झाला आणि पुढच्याच ठोक्याला स्क्रू ड्रायव्हर आत गेला.

बोलून ठरवलेल्या गोष्टी एका कागदावर लिहून दोघांनी ठेवल्या. गंजलेला भाग कापून काढायचा, त्यावर पत्र्याचा तुकडा चढवून झाकायचे नाही. रंग काढून उघडा केलेला पत्रा मी पाहिल्याशिवाय त्यावर प्रायमर चढवायचा नाही, आणि वेल्डिंग पाहिल्याशिवाय पुट्टी लावायची नाही. मी दर शनिवारी येईन, म्हणून काम घाईने उरकायचे नाही. रंग गाडीच्या मूळ पांढऱ्यातच द्यायचा, म्हणजे नोंदणी पुस्तकातल्या रंगाला धक्का लागत नाही आणि आरटीओत खेटे घालावे लागत नाहीत. पैसे तीन टप्प्यांत. मामांना कागदाची गंमत वाटली, पण त्यांनी सही केली.

९ डिसेंबर, शनिवार, कोल्हापूर

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत वाईट आणि सर्वांत उपयोगी. मामांनी मागच्या डाव्या कमानीवरचा थर मुद्दाम माझ्यासाठी ठेवला होता. छिन्नीचा एक ठोका मारताच तळहाताएवढा तुकडा अखंड निघाला आणि त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. कडेने पाहिले तर झाडाच्या खोडाप्रमाणे त्यात वर्तुळे वाचता येत होती: सर्वांत वर आठ वर्षांपूर्वीचा पांढरा रंग, त्याखाली करडा सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग एकसारखा करणारा थर), त्याखाली साधारण सात मिलिमीटर जाडीची पिवळसर पुट्टी, आणि तिच्या पोटात चक्क डासांच्या जाळीसारखी अॅल्युमिनियमची जाळी. जाळीच्या मागे पत्रा नव्हता. होता तो तपकिरी भुगा, आणि त्यावर फुंकर मारली की तो उडत होता.

“साहेब, ही पुट्टी न्हवं,” मामा म्हणाले, “हा गिलावा हाय. गवंड्यानं केल्यागत.”

पुट्टीला दोष देणे मात्र योग्य नव्हे. पॉलिएस्टर पुट्टी हा उत्तम पदार्थ आहे, फक्त तिचे काम ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरचे शेवटचे दोन मिलिमीटर भरणे हे आहे. तिच्यात शंखजिऱ्याची भुकटी मोठ्या प्रमाणात असते आणि ती ओल शोषते. पुढून रंगाने बंद आणि मागून उघडी अशा स्थितीत ठेवलेली जाड पुट्टी पावसाळाभर पाणी पिते आणि ते थेट पत्र्याला देते; म्हणजे त्या ‘दुरुस्ती’नंतर गंजण्याचा वेग कमी झाला नाही, उलट वाढला.

रनिंग बोर्डचीही अशीच कथा निघाली. दाराखालची ही पट्टी आतून पोकळ असते आणि आत गेलेले पाणी बाहेर पडावे म्हणून तिच्या तळाला भोके ठेवलेली असतात. मागच्या वेळी खालून फासलेल्या काळ्या डांबरी थराने ही भोके बुजली होती. मामांनी एका भोकात तार घातली तेव्हा तांबडे पाणी बाहेर आले. डिसेंबरमध्ये!

पुढचा डावा फेंडर बोल्टवर बसणारा असल्याने त्याची डागडुजी करण्याऐवजी नवा घेण्याचे ठरले. मजुरीचा हिशेब केला तर तेच स्वस्त पडते. मागचे क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकाभोवतीचा बाजूचा पत्रा, वेल्ड केलेले असते, त्यामुळे तिथे कापण्याला पर्याय नाही.

१६ डिसेंबर, शनिवार, कोल्हापूर

कापाकापी झाली. मामांचा नियम असा की गंज दिसतो त्याच्या पुढे दोन बोटे चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचे. आतल्या पत्र्याचा वीतभर तुकडा आणि बाहेरच्या कमानीचा हातभर तुकडा निघाला. नवे तुकडे २० गेजच्या सीआर (थंड अवस्थेत लाटलेल्या) पत्र्याचे, म्हणजे जवळजवळ ०.९ मिलिमीटर जाडीचे. कमानीचा गोलावा देण्यासाठी मामांनी यंत्र वापरले नाही. वाळूने भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने ते तासभर हळूहळू ठोकत होते, दर पाच-सात ठोक्यांनी तुकडा कमानीला लावून पाहत होते आणि पुन्हा पिशवीवर येत होते. शेवटी तो तुकडा न धरता जागेवर बसून राहिला. त्यानंतरच वेल्डिंगची टॉर्च हातात घेतली.

वेल्डिंग सीओटूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणाखाली विजेने केलेले. गॅस वेल्डिंगमध्ये उष्णता फार पसरते आणि एवढा पातळ पत्रा लाटेसारखा उचलला जातो. मग ती लाट लपवायला पुट्टी, आणि पुन्हा तेच दुष्टचक्र. सीओटूनेही सलग रेघ ओढायची नसते. मामा एक टाका घालत, तिथून वीतभर लांब दुसरा, मग विरुद्ध टोकाला तिसरा, आणि मधल्या वेळात टाक्यावर हाताचा मागचा भाग धरून ऊब पाहत. टाक्यांमधली अंतरे भरायला दुपार गेली. वेल्डिंगनंतर आत हात घालता येणार नाही अशा दुहेरी पत्र्याच्या जागी आधीच जस्ताचा वेल्ड-प्रायमर लावून घेतला होता. हा डबा मी नेला होता, आणि मामांच्या मुलाने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला.

१७ डिसेंबर, रविवार, कोल्हापूर

मुक्काम केला. संध्याकाळी अंधार पडल्यावर कमानीच्या आतून विजेरी धरली आणि बाहेरून पाहिले; दोन ठिकाणी सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. ती दोन्ही भोके लगेच भरून घेतली. पुट्टी लावल्यावर ही भोके कुणालाही दिसली नसती, आणि पाण्याला मात्र ती बरोबर सापडली असती.

२१ ते २८ डिसेंबर, रत्नागिरी, फ्लॅप

मधल्या आठवड्यात घरी फ्लॅपचे काम हाती घेतले. आधी फ्लॅपच्या मागच्या बाजूवर, जिथे चुकले तरी दिसणार नाही अशा जागी, प्रयोग केले.

पहिला प्रयोग सपशेल फसला. रंग फवारताच पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडले आणि रंग त्यांच्यापासून दूर पळाला. कारण शोधायला फार वेळ लागला नाही: वर्षानुवर्षे टायरला आणि फ्लॅपला चमक आणण्यासाठी मीच प्रेमाने चोळलेले सिलिकॉनचे पॉलिश. ते साबणाने जात नाही. मेण-ग्रीस काढणारे द्रावण एका स्वच्छ फडक्याने लावून, ते वाळायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावे लागते, नाहीतर सिलिकॉन फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. ही फेरी तीनदा केली. मधल्या वेळी भांड्यांच्या हिरव्या घासणीने पृष्ठभागाची सगळी चमक जाईपर्यंत घासले आणि खळग्यांतली माती जुन्या दात घासायच्या ब्रशने काढली.

पॉलिप्रॉपिलीनच्या फ्लॅपवर प्लास्टिक प्रायमरचा एक पारदर्शक, अगदी पातळ हात दिला. हा प्रायमर जास्त दिला म्हणजे जास्त धरतो असे नाही. जाड झाला तर तोच थर सोलून निघतो. डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आत त्यावर लवचिकता आणणारे मिश्रण घातलेला अर्धचकाकीचा काळा रंग, दोन हात. दोन दिवसांनी ब्लेडने एक-एक मिलिमीटरच्या अंतरावर आडव्या-उभ्या रेघा मारून चौकड्या पाडल्या, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. प्रायमर लावलेल्या बाजूचा एकही चौकोन निघाला नाही. तुलनेसाठी प्रायमर न लावता रंगवलेल्या बाजूचा रंग पट्टीवर जसाच्या तसा उतरला, अगदी पापडासारखा.

रबरी फ्लॅपचा निकाल वेगळा लागला. त्याच रीतीने रंगवल्यावर चौकड्यांच्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला, पण हाताने दुमडल्यावर वळणावर बारीक भेगा पडल्या, आणि काही दिवस तसाच ठेवल्यावर भेगांच्या कडेचे रंगाचे तुकडे नखाने निघू लागले. पुढचा फ्लॅप चाकामागे सतत मार खातो आणि वाकतो. त्यामुळे पुढचे दोन न रंगवता तसेच काळे ठेवायचे ठरवले. रंगवलेला आणि सोललेला फ्लॅप हा न रंगवलेल्या फ्लॅपपेक्षा कितीतरी ओंगळ दिसतो.

पांढऱ्या पट्ट्यासाठी मास्किंग टेप लावून दोन्ही मागच्या फ्लॅपवर तीन सेंटिमीटर रुंदीचा पट्टा फवारला. पूर्ण फ्लॅप गाडीच्याच रंगात, पांढरा करावा असे मुलीचे म्हणणे होते, आणि कागदावर तो देखणाही दिसतो. परंतु आमच्या मातीत तो पहिल्या पावसानंतर गुलाबी होऊन तसाच राहिला असता. वडिलांचा पट्टा हाताने ओढलेला असल्यामुळे उजवीकडे किंचित चढत गेलेला होता. नवा पट्टा सरळ आला आहे. थोडा वेळ विचार करून डावीकडच्या फ्लॅपवरचा पट्टा पुसला आणि टेप तिरकी लावून पुन्हा फवारला.

३० डिसेंबर, शनिवार, कोल्हापूर

वेल्डिंग घासून सपाट केले आहे. उघड्या पत्र्यावर गंज थांबवणारे फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले होते; ते धुऊन, वाळवून, मग इपॉक्सी प्रायमर. आम्ल तसेच राहिले तर त्यावरचा इपॉक्सी नीट घट्ट होत नाही, म्हणून या धुण्यासाठी मी आग्रह धरला आणि पेंटरचे व माझे थोडे वाजले. इपॉक्सीवर पुट्टीचा पातळ हात. खडूने खूण करून मोजले तेव्हा जास्तीत जास्त जाडी दीड मिलिमीटरच्या आत होती. चुंबक आता सगळीकडे धरते.

घासण्यापूर्वी पेंटरने पूर्ण भागावर काळ्या रंगाचा धुरकट फवारा मारला. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासले की उंच जागेचा काळा आधी जातो आणि खोलगट जागेत तो उरतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा खड्डाही उघडा पडतो. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या रेषेत खाचा पडतात, आणि त्या चकाकी आल्यावरच दिसतात. पेपर ८० पासून सुरू झाला (आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक), १८०, ३२० करत सरफेसरवर ६०० आणि ८०० चा ओला हात.

६ जानेवारी २०२४, शनिवार, कोल्हापूर

रंग जुळवणे. मारुतीचा हा पांढरा ‘सुपीरियर व्हाइट’ या नावाने ओळखला जातो आणि संगणकावरून त्याचे मिश्रण दुकानात मिळते. परंतु ते मिश्रण कारखान्यातून निघालेल्या गाडीचे असते, पंचवीस उन्हाळे सोसलेल्या गाडीचे नव्हे. पेंटरने आधी मागच्या दाराचा थोडा भाग कंपाऊंडने (चकाकी आणणाऱ्या घासण्याच्या लेपाने) घासून वरची खडूसारखी मेलेली कातडी काढली, आणि मगच कार्डावर फवारलेला नमुना शेजारी धरला. नमुना निळसर दिसला. पिवळ्या ऑक्साइडचे तीन थेंब आणि काळ्याचा एक थेंब अर्ध्या लिटरमध्ये. दुसरे कार्ड जवळ आले. आणखी एक थेंब पिवळा. तिसरे कार्ड सावलीत जुळले, उन्हात जुळले नाही. पाचवे कार्ड दोन्हीकडे जुळले. लोकांना मेटॅलिक रंग अवघड वाटतो, पण जुना पांढराही काही कमी अवघड नाही, कारण डोळ्याला पांढऱ्यातला फरक फार लवकर कळतो.

१३ जानेवारी, शनिवार, कोल्हापूर

रंगकाम. हवा कोरडी, दुपारचे ऊन. आदल्या रात्री जमीन पाण्याने ओली केली, कंप्रेसरच्या टाकीतले पाणी सोडून दिले. तेच पाणी हवेबरोबर गनमध्ये येते आणि रंगात फोड धरते.

एका गोष्टीवर मी अडून बसलो. टू-के रंगाच्या, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या दोन घटकांच्या रंगाच्या, हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांचा फवारा फुप्फुसात गेल्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे थोडासा संपर्कही महाग पडतो. पेंटर वीस वर्षे तोंडाला रुमाल बांधून फवारतो. मी सेंद्रिय वाफांसाठीच्या काडतुसांचा मुखवटा विकत घेऊन गेलो होतो आणि तो घातल्याशिवाय गन हातात घ्यायची नाही असे सांगितले. त्याने घातला, पहिल्या हातानंतर काढला, “गुदमरल्यागत हुतंय” म्हणाला आणि मामांनी डोळे वटारल्यावर पुन्हा घातला.

१.४ मिलिमीटरच्या नोझलने तीन हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटांची उसंत. फेंडर वेगळा काढूनच रंगवला. क्वार्टर पॅनेलवर नव्या रंगाची कड भर मैदानात सोडण्याऐवजी बॉडीच्या घडीपर्यंत नेली. तिसऱ्या हातात कमानीखाली एक ओघळ आला. पेंटर तो ओल्यातच बोटाने पुसायला निघाला होता, मामांनी हात धरला. वाळल्यावर ब्लेडने खरवडून घासता येतो. ओल्यात हात लावला तर पूर्ण पॅनेल पुन्हा करावे लागते.

२७ जानेवारी, शनिवार, कोल्हापूर

मधला शनिवार मुद्दाम गाळला, म्हणजे रंग पुरता वाळेल. ओघळ काढला आहे, १५०० आणि २००० च्या ओल्या पेपरनंतर कंपाऊंड झाले. संत्र्याच्या सालीसारखा पोत अगदी थोडा ठेवला आहे, कारण कारखान्याच्या जुन्या रंगालाही तो होता आणि शेजारचे दार काचेसारखे नाही.

रनिंग बोर्ड आणि कमानीच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारले. खालून रबरी थर मारण्यापूर्वी पाणी निघण्याच्या प्रत्येक भोकात आगकाडी खोचली आणि थर वाळल्यावर काड्या काढल्या. ही युक्ती मामांची.

३ फेब्रुवारी, शनिवार, कोल्हापूर ते रत्नागिरी

फ्लॅप बसवले, आणि यावेळी पत्र्याला एकही स्क्रू थेट लावला नाही. मागच्या जुन्या भोकांपैकी दोन वेल्डिंगने बुजवली. उरलेल्यांच्या कडा इपॉक्सीने रंगवून त्यात नायलॉनच्या गुट्ट्या बसवल्या आणि स्क्रू त्या गुट्ट्यांत घेतले. फ्लॅप आणि कमानीची कड यांच्यामध्ये प्रत्येक स्क्रूवर पाच मिलिमीटर जाडीची रबरी चकती घातली आहे, म्हणजे मागून पाण्याचा फवारा मारला की माती त्या फटीतून खाली उतरते. दिसायला फ्लॅप थोडा सुटलेला वाटतो. बसवताना मामांच्या मुलाने तीनदा विचारले की चकत्या काढून घट्ट करू का.

खर्चाची नोंद: पत्राकाम आणि वेल्डिंगची मजुरी १२,५०० रुपये, रंगकाम साहित्यासह १९,०००, नवा फेंडर १,९००, मेण व खालचा थर २,६००, फ्लॅपचे साहित्य १,७८०, मुखवटा व काडतुसे १,४५०, एकूण ३९,२३० रुपये. मुखवटा पेंटरकडेच ठेवून आलो. तो वापरेल की नाही हे सांगता येत नाही.

१४ जुलै २०२४, रविवार, रत्नागिरी

पाऊस महिनाभर झोडपतो आहे. आज सकाळी अर्धा तास उघडीप मिळाली तेव्हा जॅक लावून मागचे डावे चाक काढले. कमानीच्या कडेवर मातीचा पातळ लेप होता, गोळा नव्हता; बागेच्या नळीने फटीत वरून पाणी सोडले तर ते तांबडे होऊन खालून निघाले आणि दोन मिनिटांत स्वच्छ झाले. रनिंग बोर्डच्या चारही भोकांतून तार आरपार जाते. रंगाला फुगा नाही, वेल्डिंगच्या रेषेवर उठाव नाही.

मागच्या डाव्या फ्लॅपच्या खालच्या कडेचा रंग खड्यांनी उडाला आहे, बोटाच्या पेराएवढा. तिथून पुढे सोललेला नाही. उजव्या फ्लॅपचा एक स्क्रू सैल होता, तो आवळला. पुढच्या उजव्या रबरी फ्लॅपला वरच्या भोकापाशी चीर गेली आहे, तो नवा घ्यावा लागेल. तिरका पट्टा चिखलाखाली होता, फडक्याने पुसल्यावर दिसला.